सोमवतीचे चौदा ट्रे

“पंचांग बघून सर्व्हर हलवणारी क्लायंट मी पहिल्यांदाच बघतोय,” सौमित्र म्हणाला आणि त्यानं हसत लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. “तूच टाइप कर. तारीख निवडण्याचं कारण : अमावस्या.”

मी खरंच तसं टाइप केलं.

सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या कोरे हॅचरीच्या ऑफिसात आम्ही बसलो होतो. वर पत्रा, त्याखाली थर्माकोलचं सीलिंग, आणि कोपऱ्यात साडीची झोळी. झोळीत माझी आठ महिन्यांची अबोली झोपलेली. बाळंतपणाच्या रजेवरून येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. हॅचरीचे सगळे कॉम्प्युटर सांभाळणारी मी एकटीच, म्हणून मालकांनी, अप्पा कोरेंनी, झोळीला परवानगी दिली होती. “पोरगी रडली तर रडू दे,” ते म्हणाले होते, “इथं चाळीस पंखे हायत, ऐकू कुणाला जातंय?”

ते खरंच होतं. भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये आठ सेटर रात्रंदिवस घुमत असायचे. सेटर म्हणजे अंडी उबवणारी कपाटं, एकेक खोलीएवढं. आतले पंखे, हीटर, दर तासाला ट्रे कलते करणारे हात, या सगळ्यांना हुकूम द्यायचा तो सर्व्हरवरचा एक प्रोग्राम. हुकूम आला नाही की पॅनेल सगळं बंद करून टाकायचं. नऊ वर्षांपूर्वी हे बसवून देणारी छोटी कंपनी केव्हाच गुंडाळली होती. आणि एका सर्व्हरच्या पोटात पाच-सहा वेगळे कॉम्प्युटर चालवणारं जे सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं, त्याच्या परदेशी कंपनीनं जानेवारीतच कळवलं होतं : एकतीस मार्चनंतर या आवृत्तीची जबाबदारी आमची नाही. दुरुस्ती नाही, मदत नाही, फोन करू नका.

आता एप्रिल संपत आला होता. मार्चमध्ये आमचा सर्व्हर दोनदा आपोआप बंद पडला होता. पहिल्यांदा वीस मिनिटांत उठला. दुसऱ्यांदा उठायला तयारच नव्हता. त्या दिवशी दोन तास मी त्या कंपनीच्या फोनवर ‘आपला कॉल महत्त्वाचा आहे’ ऐकत होते. इकडे साठ हजार अंडी सेटरमध्ये होती आणि बायका दारं उघडून पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. तो कसा उठला ते मला आजही माहीत नाही. तिसऱ्यांदा उठणार नाही, एवढं मात्र मला आतून कळलं होतं.

म्हणून नवा सर्व्हर आला, नवं सॉफ्टवेअर आलं आणि ते बसवून द्यायला पुण्याहून सौमित्र आला. बाकीचं सगळं सोपं होतं. हिशेब, हजेरी, कॅमेरे आम्ही आठवडाभरात हलवले. राहिला सेटरचा प्रोग्राम.

“चालू असतानाच उचलून नाही का नेता येत?” मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“ती सोय परवान्याबरोबर गेली. बंद करायचं, नक्कल करायची, तिकडे चालू करायचं. साडेतीन तास.”

“साडेतीन तास पंखे बंद?”

“केतकी, नुसते पंखे आहेत.”

यंत्राचा आवाज थांबला की मी हातातलं काम टाकून तो परत यायची वाट बघायचे. का, ते मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

साडेतीन तासांची जागा शोधायला मी यमुनाक्काकडे गेले. आक्का सेटर हॉलच्या सुपरवायझर. सातवीपर्यंत शिकलेल्या, सव्वीस वर्षं इथंच, नऊवारीवर पांढरा कोट आणि डोक्याला टोपी. कोटाच्या खिशात तंबाखूची डबी. ती हॉलमध्ये उघडायची नाही हा त्यांचाच नियम.

“साडेतीन तासाचं काय एवढं?” आक्का म्हणाल्या. “खुडूक कोंबडी बी दाणे टिपायला उठतीच की. लोडशेडिंगच्या काळात आम्ही चार-चार तास काढल्यात. दारं उघडायची. कोवळ्या अंड्याला कायबी हुईत न्हाई.”

“आणि जुन्या अंड्यांना?”

“तिथंच खरी गंमत हाय. लोकास्नी वाटतं अंडी गार पडून मरत्यात. न्हाई. शेवटच्या तीन दिवसांत पिल्लाच्या अंगातच आग असती. पंखा थांबला की ती आपल्याच उबेनं गुदमरून मरत्यात.”

म्हणजे शेवटच्या तीन दिवसांतलं एकही अंडं आवारात नसेल असा दिवस हवा होता. आणि असा दिवस नसतोच. आमच्याकडे दर सोमवारी आणि गुरुवारी अंडी बसायची. अठरा दिवस सेटरमध्ये, मग तीन दिवस पलीकडच्या हॅचर खोलीत, एकविसाव्या दिवशी पिल्लू. एक बॅच निघते न निघते तोवर दुसरी येऊन टेकलेली.

पण अप्पांच्या वडिलांचा एक नियम होता : अमावस्येला अंडी बसवायची नाहीत. अप्पांनी तो काटेकोर पाळला होता. एका सुपरवायझरनं मोडला तेव्हा त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. त्याच्याच जागी आक्का आल्या होत्या. आणि गेली अमावस्या सोमवारी आली होती. सोमवती. त्या सोमवारी नवी अंडी बसलीच नाहीत. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात हॅचर खोल्या शुक्रवार ते रविवार रिकाम्या राहणार होत्या. मी कॉम्प्युटरवरच्या नोंदी चार वेळा तपासल्या. रविवारी आवारातलं सगळ्यात मोठं अंडं सतरा दिवसांचं असणार होतं.

“रविवार, सकाळी अकरा ते अडीच,” मी सौमित्रला म्हणाले, आणि कारणाच्या रकान्यात अमावस्या लिहिली.

अशा कामाचा एक नियम असतो. हलवाहलवीच्या आधी सगळं गोठवायचं. जे आहे ते जागच्या जागी, म्हणजे ऐनवेळी आश्चर्य नको. शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी प्रत्येक सेटरच्या दारावर कागदाची पट्टी चिकटवली आणि सही केली. ‘केतकी गुंड यांना विचारल्याशिवाय उघडू नये.’

दहाच्या सुमाराला आक्का केबिनच्या दारात आल्या. मी अबोलीला पाजत होते.

“मॅडम, चार नंबर जरा उघडू का?”

“का हो?”

“असंच. बघते वाईच.”

“काही बिघाड आहे का?”

“बिघाड न्हाई.”

“मग रविवारनंतर बघा ना आक्का. ट्रे इकडचा तिकडे झाला तर माझा मेळ बसणार नाही.”

त्या उभ्याच राहिल्या. अबोलीकडे बघत होत्या. मी रात्री तीनतीनदा उठून पोरीच्या नाकाखाली बोट धरणारी बाई. कुणाचा चेहरा जरा बदलला की मला कळतं असा मला अभिमान होता. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात यादी होती. आक्का वळल्या आणि गेल्या. शनिवारी संध्याकाळी त्या पुन्हा दारापर्यंत आल्या, पण अप्पा माझ्यासमोर बसले होते. त्यांना बघून “काय न्हाई, चहा पाहिजे का इचारायला आले,” म्हणाल्या. आक्कांनी चहा विचारल्याचं मला त्याआधीचं आठवत नव्हतं.

रविवारी घरच्या सगळ्यांना एका लग्नाला जायचं होतं, म्हणून अबोली माझ्याबरोबर आली. हॉलमध्ये आक्का आणि दोन बायका होत्या. अप्पा दुपारी नारळ घेऊन येणार होते, नवा सर्व्हर चालू होईल तेव्हा फोडायला. सौमित्र सर्व्हर खोलीत बसला. मी हॉलमध्ये उभी राहिले. आमच्यात फोन चालू.

“अकरा वाजून दोन मिनिटं,” सौमित्र म्हणाला. “बंद करू?”

मी चार नंबरच्या काचेला बोटं लावली. आत अंधारात ट्रेच्या रांगा कलत्या उभ्या होत्या.

“कर.”

आधी हीटरचे लाल दिवे गेले. मग पंखे. एकदम नाही थांबले, दमत दमत थांबले, एकामागून एक, जसं कुणी लांबून चालत येऊन ओट्यावर बसावं. शेवटचा पंखा आठ नंबरचा. त्याची पाती मोजता येतील इतकी सावकाश झाली, आणि थांबली.

नऊ वर्षांत त्या हॉलमध्ये शांतता अशी नव्हतीच. मार्चमध्ये बंद पडलं तेव्हा आरडाओरडा होता, धावपळ होती. आज सगळे आपापल्या जागी उभे होते. माझे कान आधी आतूनच वाजायला लागले. मग मला माझ्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. दोन बायकांपैकी एकीच्या बांगड्या वाजल्या आणि तिनं दचकून हात धरला.

आणि मग तो आवाज आला.

आधी वाटलं, बाहेर चिमण्या आहेत. पण हॉलला खिडकीच नव्हती. मग वाटलं, पॅनेलमधलं काही गार पडताना वाजतंय. बारीक, ओला, दुरून आल्यासारखा आवाज. एक नव्हे. चिक्. मग त्याच्या डावीकडून चिक्. मग एकदम पन्नास, शंभर, आणि त्याखाली नखानं पाटीवर टकटक करावं तशी एक सततची बारीक टकटक. माझी बोटं अजून काचेवर होती. आवाज त्या काचेतून माझ्या बोटांत येत होता.

“आक्का,” मी म्हणाले. का कोण जाणे, कुजबुजले. “चार नंबरमध्ये पिल्लं बोलतायत.”

आक्का जमिनीवर बसल्या होत्या.

“आक्का, सतरा दिवसांचं अंडं बोलतं का?”

“न्हाई.”

“मग?”

“ती विसाव्या दिवसाची हायत.” त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. “सोमवतीची. चौदा ट्रे. मी बसवल्यात.”

मी तोंडातल्या तोंडात दिवस मोजले. सोमवार ते आजचा रविवार. वीस.

“अंड्याच्या खोलीचं गाराव्याचं यंत्र बंद पडलेलं त्या दिवशी,” त्या सांगत होत्या, माझ्याकडे न बघता. “गुरुवारपातूर अंडी नासली असती. जीव हुता की त्यांच्यात. गुमान मागं सरकवली आन् गुरुवारच्या नावावर चढवली. सोमवार म्हणून टाकलं असतं तर अप्पा—” त्या थांबल्या. “शुक्रवारी हळूच हॅचरमध्ये न्यायची हुती. तर तुम्ही पट्टी लावलीसा.”

तेव्हा मला शुक्रवारची ती केबिन आठवली. माझ्या सहीची पट्टी अजून दारावर होती, कोपरा जरासा सुटलेला.

“याआधीही केलंय?”

“दोनदा. न्हाई ठेवता आली म्हणून.”

“आणि पिल्लं?”

“निघाली की चांगली. अमावस्येचं पिल्लू बी पिल्लूच असतंय, मॅडम.”

फोनमधून सौमित्रचा आवाज आला. “केतकी? ऑल ओके? नक्कल अकरा टक्के.”

मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं.

“परत फिरूया,” तो म्हणाला. “जुना सर्व्हर चालू करतो. चाळीस मिनिटं.”

“उठला तर चाळीस मिनिटं.”

“...हो. उठला तर.”

“आणि नाही उठला तर?”

“तर नक्कल अर्धवट, जुना बंद, आणि साठ हजार अंडी. निर्णय तुझा. पण लवकर सांग.”

काचेच्या आत आवाज वाढत होता. मला वाटत होतं वाढतोय. कदाचित माझेच कान उघडत होते. आक्का उठल्या, कोटाला हात पुसले आणि माझी सही फाडून चार नंबरचं दार सताड उघडलं. आतून गरम, ओलसर, पिसांसारखा वास आला. मागच्या ट्रेमधलं एक अंडं त्यांनी उचललं आणि डोळा मिटून पापणीवर धरलं, आपण पोराच्या कपाळाला गाल लावतो तसं.

“तापलंय,” त्या म्हणाल्या. “अजून बरंय. पण इथं ठेवली तर तासाभरात संपली. बाहेर काढूया.”

“बाहेर कुठे? हॅचरही त्याच प्रोग्रामवर, तेही बंद आहेत.”

“मागच्या पडवीत.”

“उन्हात?”

“सावलीत. ह्या उन्हाळ्यात पडवीपरीस चांगली कोंबडी कुठं मिळणार?”

मी केबिनमध्ये पळाले. अबोली झोळीत जागी होती, स्वतःची मूठ बघत होती. तिच्या पिशवीतून मी तापाचं थर्मामीटर काढलं आणि मागच्या पडवीत जाऊन हवेत धरून उभी राहिले. पत्र्याखाली, भिंतीच्या आडोशाला. अडतीस पूर्णांक चार. अंड्याला हवं होतं सदतीसच्या आसपास.

“ओली गोणपाटं टांगा,” आक्का म्हणाल्या. “एक डिग्री उतरंल.”

त्या दोघी बायकांनी हौदातून गोणपाटं भिजवून आणली. आम्ही ट्रॉली ढकलत मागच्या दारानं आणली. प्रत्येक ट्रेवर पसरट टोपली पालथी घालायची, दोघींनी दोन्ही बाजूंनी धरायचं आणि एका झटक्यात उलटं करायचं, की दीडशे अंडी टोपलीत आडवी येतात, पिल्लांना निघायला हवी तशी, एकही न फुटता. आक्का ते पोळी उलटावी तसं करत होत्या. मी दुसरं टोक धरलं होतं आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून घेत होते.

“डोळं उघडं ठेवा, पोरी,” त्या म्हणाल्या. मॅडम कधी गळून पडलं ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

“सौमित्र,” मी फोनमध्ये म्हणाले, “चालू राहू दे. परत फिरायचं नाही.”

“नक्की?”

“नक्की. बाकीच्या सेटरची दारं उघडली आहेत.”

पावणेबारापर्यंत चौदा टोपल्या पडवीत मांडून झाल्या. मी थर्मामीटर घेऊन एका टोपलीपासून दुसरीकडे फिरत होते. सदतीस पूर्णांक तीन. सदतीस पूर्णांक सहा, गोणपाटावर पाणी. सदतीस पूर्णांक एक. गोणपाट जरा वर. माझ्या मागोमाग आक्का पापणीला अंडं लावत यायच्या आणि मी आकडा बघायच्या आधी “बरंय” नाहीतर “वाईच जास्त” म्हणायच्या. एकदाही चुकल्या नाहीत. चौथ्या-पाचव्या टोपलीनंतर मी आकडा मोठ्यानं वाचणं सोडून दिलं.

मग आक्का टोपल्यांच्या मधोमध उकिडव्या बसल्या आणि त्यांनी घशातून एक आवाज काढला. खोल, तुटक, कोंबडी पिल्लांना हाक घालते तसा. क्लुक्. क्लुक्-क्लुक्.

एकवीसशे अंडी एकदम गप्प झाली.

अजून जग न बघितलेली, कवचाच्या आत घड्या घालून बसलेली एकवीसशे पिल्लं श्वास रोखून ऐकत होती. मग एकानं उत्तर दिलं. मग दुसऱ्यानं. मग सगळी पडवी बोलायला लागली.

“आता एकमेकास्नी सांगत्यात,” आक्का म्हणाल्या. “निघायचं का, निघायचं का. एकटं कुणी निघत न्हाई. तुमच्या त्या पंख्यात ह्यातलं काय ऐकूच येत न्हाई बघा. म्हातारपणी विसरून गेलते मी.”

मी त्यांच्याशेजारी बसले. ओल्या गोणपाटाचा वास येत होता, आणि बाहेर ऊन नुसतं पांढरं होतं.

“तुमची पेटीतली हाय न्हवं?” आक्कांनी एकदम विचारलं.

“काय?”

“पोरगी. काचंच्या पेटीत ठेवलेली हुती न्हवं?”

सातव्या महिन्याच्या शेवटी झालेली. एकोणीस दिवस. मी हे इथं कुणालाच सांगितलं नव्हतं.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी कशाला सांगाया पायजे? सेटरच्या काचंला बोटं लावून उभ्या राहता तुम्ही. इथं सव्वीस वर्षांत कुणी काचंला हात लावला न्हाई.”

मग मी सांगितलं. त्या खोलीत सगळी यंत्रं एका सुरात वाजायची आणि मी तो सूर धरून बसायचे. सूर चालू म्हणजे पोरगी चालू. एका दुपारी वीज गेली आणि जनरेटर लागेपर्यंत सगळं थांबलं. दहा सेकंद असतील. मी ओरडले होते. नर्सनं मला दटावून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून यंत्र थांबलं की मला माझाच ओरडा ऐकू येतो.

“त्या दहा सेकंदांत पोरगी काय करत हुती?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. “मी ओरडत होते.”

आक्कांनी टोपलीतलं एक अंडं उचलून माझ्या कानाला लावलं.

आत कुणीतरी खरवडत होतं. थांबत होतं. दमून श्वास घेत होतं. पुन्हा खरवडत होतं.

पावणेदोनला पहिल्या अंड्याला तडा गेला. त्यातून जे डोकावलं ते चोचीचं टोक होतं, मिठाच्या खड्याएवढं. त्याच वेळी पडवीच्या पायरीवर अप्पा उभे होते, हातात नारळ, काखेत पिशवी.

“ही कुठली बॅच?” त्यांनी विचारलं. “आज तर काय नव्हतं.”

मी उठले. माझी चूक, नोंदीत घोळ झाला, असं काहीतरी म्हणायला मी तोंड उघडलं होतं. आक्कांनी माझ्या मनगटाला धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

“सोमवतीची हायत, अप्पा. मी बसवलीती.”

अप्पांनी बोटांवर मोजलं. त्यांचा चेहरा लाल झाला. “यमुने, माझ्या बापाचा नेम—”

“तुमच्या बापाचा नेम मोडला. उद्यापासून येऊ नको म्हणा, येत न्हाई. पण आत्ता वाईच हळू बोला. ती ऐकत्यात.”

अप्पा तसेच थांबले, वाक्य अर्धं टाकून. आणि त्यांनाही तो आवाज ऐकू आला. हॅचरी त्यांच्या वडिलांची. लहानपणापासून ते या आवारात वाढले होते. पण ज्या तऱ्हेनं त्यांनी मान वळवली, ती एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, त्यावरून मला समजलं की त्यांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. पायरीजवळच्या टोपलीत एका अंड्याचं टोपण गोल कापत गेलं. ओलं, काळपट, सगळ्या जगाचं वजन मानेवर घेतल्यासारखं डोकं बाहेर आलं, आपटलं, आणि पडून राहिलं. मग पुन्हा उचललं.

अप्पांनी नारळ खाली ठेवला. एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल काढली, मग दुसरी. अनवाणी ते पडवीत आले आणि दोन टोपल्यांच्या मध्ये भिंतीला टेकून बसले.

“किती निघतील?” शेवटी त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“निघताना मोजत न्हाईत,” आक्का म्हणाल्या.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी सौमित्रचा फोन आला. तो कधी नव्हे तो ओरडत होता. “उठला! नवा उठला! पॅनेल दिसतायत, आठही! पंखे सोडू का?”

मी अप्पांकडे बघितलं, आक्कांकडे बघितलं. “सोड,” मी म्हणाले.

हॉलमधून घरघर सुरू झाली, चढत गेली, आणि पडवीतला आवाज तिच्याखाली बुडाला. पिल्लं चोची उघडत होती, पण आता ती मुकी दिसत होती. आठ महिने जो आवाज मला जगण्याचा वाटत होता, तो मला पहिल्यांदा नकोसा झाला.

टोपल्या हॅचरमध्ये गेल्या. अप्पा माझ्यामागून सर्व्हर खोलीत आले, तेही अनवाणीच. नारळ पुन्हा हातात.

“त्या चौदा ट्रेची तारीख बदलता येते का यात?” त्यांनी विचारलं.

“येते.”

“मग खरी टाक.”

नव्या सर्व्हरवरची ती पहिली नोंद. मी गुरुवार खोडला आणि सोमवारची तारीख टाकली. अप्पांनी वाकून वाचली आणि मान हलवली. आक्कांच्या नोकरीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. सोमवारी सकाळी आक्का नेहमीच्या वेळेला आल्या आणि कुणी काही विचारलं नाही. अमावस्येचा नेमही अप्पांनी मोडला नाही. फक्त पुढच्या अमावस्येला गुरुवारच्या नावानं खोटं चढवायची वेळ आली नाही, कारण अंड्याच्या खोलीत दुसरं गाराव्याचं यंत्र आलं होतं.

याला आता आठ वर्षं झाली. मी पुण्यात असते, मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर हलवते. पट्ट्या अजूनही चिकटवते, पण चिकटवण्याआधी तिथल्या सगळ्यात जुन्या माणसाला चहा पाजते आणि विचारते, “काही हलवायचं राहिलंय का?”

पण त्या रविवारचं शेवटचं सांगायचं राहिलं. नारळ फुटला, सौमित्र सगळ्यांना खोबरं वाटत होता, आणि मी केबिनमध्ये आले. अबोली झोळीत झोपली होती. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. टेबलावरचा पंखा तिच्यावर घरघरत होता. सवयीनं माझं बोट तिच्या नाकाकडे गेलं.

मी ते मागे घेतलं. दार लावलं. मग पंख्याचं बटण बंद केलं, झोळीशेजारी जमिनीवर बसले आणि पाती थांबेपर्यंत वाट बघितली.

मग ऐकलं.